कोरा चहा

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्ये दोघा-तिघांनी विचारलंसुद्धा, की बाई, लिहिणं बंद केलंत का? बंद नव्हतं केलं. पण जे लिहायचं होतं ते माझ्या धाकट्या भावाला तोंडाने सांगून झालेलं नव्हतं, आणि आमच्या घरातली निम्मी मंडळी इथे येऊन वाचतात. त्याला ते दुसऱ्याकडून कळलं असतं तर बरं दिसलं नसतं. आता बरंचसं त्याला माहीत आहे. एक गोष्ट राहिली आहे, ती ओघात येईलच.

सुरुवात एका पंगतीपासून करते. डिसेंबर २०२३. भाच्याचा साखरपुडा होता, इंदापूर तालुक्यात बेलवाडीजवळ आमची वस्ती आहे तिथे. हल्ली टेबल-खुर्चीवरच जेवणं असतात, पण आप्पाने (माझा भाऊ, सगळा गाव त्याला आप्पाच म्हणतो) बायकांची एक पंगत हौसेने खाली सतरंजीवर घातली होती. मीही हौसेने बसले. जेवण झालं, बाकीच्या उठल्या, हात धुवायला गेल्या, आणि मी बसलेलीच. डावा गुडघा उचलायला जावं तर उजवा साथ देईना. हात टेकून जोर लावला तर मनगट कापायला लागलं. शेवटी दोन पोरींनी दोन्हीकडून काखेत हात घालून मला उचललं. उचलताना त्यातली एक म्हणाली, "बाई, सावकाश हां." ती माझीच विद्यार्थिनी निघाली! चौतीस वर्षं जिने पोरांना "उठ, उभा राहा" म्हणून सांगितलं, तिला त्या दिवशी उभं राहता येईना.

बारामतीला घरी आले आणि रात्री वजनकाटा काढला. ७४ किलो. उंची जेमतेम पाच फूट. साखरेची मेटफॉर्मिनची गोळी सहा वर्षं चालू होतीच, एचबीएवनसी ७.१ होतं. डॉक्टर दर वेळी "वजन कमी करा" म्हणायचे आणि मी दर वेळी "हो" म्हणायचे. आमच्या वर्गातला एक मुलगा गृहपाठाचं असंच म्हणायचा.

माझी नात, मुलीची मुलगी, पुण्यात नोकरी करते. ती तीन वर्षांपासून व्हीगन आहे. म्हणजे मांस-अंडी तर नाहीच, पण दूध, दही, तूप, ताक, पनीर, मधसुद्धा नाही. (हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मंडळींनी काढला. म्हणजे शब्द माझ्यापेक्षा फार मोठा नाही.) मी निवृत्तीनंतर माळ घातली आहे, त्यामुळे मटण-मासे केव्हाच सुटले. नात म्हणाली, "आजी, अर्धं तर तू केलंयसच. उरलेलं तीन महिने करून बघ. घरातच, कुठे जायला नको, काही विकत आणायला नको." संक्रांतीपासून करते म्हटलं. तिळाचा मुहूर्त बरा.

आता बाहेरच्या वाचकांना यात एवढं काय ते कळणार नाही. बारामती-इंदापूरकडे दूध सोडणं म्हणजे काय, ते सांगायला हवं.

आमच्याकडे नीरा डाव्या कालव्याचं पाणी आहे, तिथे ऊस आहे. पण उसाचे पैसे वर्षाने येतात, दुधाचे दहा दिवसांनी. किराणा, पोरांची फी, दवाखाना, सगळं दुधावर. पहाटे आणि संध्याकाळी धार काढायची, डेअरीला घालायची, फॅट आणि एसएनएफ बघायचं, ३.५ आणि ८.५ लागलं की भाव पुरा मिळाला म्हणून निश्वास सोडायचा. माझ्या लहानपणी एवढ्या गाई नव्हत्या. दोन म्हशी आणि एक गावरान गाय. आमचे वडील सायकलला दोन्हीकडे किटल्या लावून भवानीनगरला कारखान्याच्या कॉलनीत रतीब घालायचे. मी डी.एड. ला होते त्या दोन वर्षांत माझी फी आणि खोलीचं भाडं त्या रतीबाच्या वहीतून गेलं. पुढे बी.ए. मी नोकरी करत केलं, ते माझ्या पैशांनी. पण पहिली पायरी दुधाची होती, हे मी विसरलेली नाही. आप्पा दहावीनंतर शिकला नाही, कारण सायकल कुणीतरी चालवायला हवी होती. हेही मी विसरलेली नाही.

मग काळ्या-पांढऱ्या मोठ्या गाई आल्या. त्या कुठून आल्या याची एक मजा आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचन लागतं. १९४६ च्या मार्चमध्ये गांधीजी तिथे आले आणि निसर्गोपचाराचं काम सुरू झालं: साधा आहार, माती, पाणी, ऊन. तरुण मणिभाई देसाईंना त्यांनी तिथे ठेवलं. मणिभाईंनी पुढे १९६७ साली 'बाएफ' ही संस्था काढली आणि होल्स्टिन, जर्सी अशा परदेशी वळूंच्या रेतनाने संकरित गाई गावोगाव पोचवल्या. १९८२ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्या भागात आज गोठ्यात ज्या गाई दिसतात (लोक सरसकट 'जर्शी' म्हणतात) त्यांच्यामागे हे काम आहे.

आणि ज्या गांधीजींनी मणिभाईंना तिथे बसवलं, त्यांनी स्वतः १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं होतं! हे मला नातीने नाही, मीच तिला सांगितलं. आत्मकथेत आहे. १९१८ मध्ये ते खेडा जिल्ह्यात आजारी पडले, अगदी खंगले. हवापालटाला माथेरानला नेलं, तरी सुधारणा होईना. मुंबईत डॉक्टर म्हणाले, दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही. ते म्हणाले, मी शपथ घेतली आहे. तेव्हा कस्तुरबा म्हणाल्या, शपथ गाई-म्हशीच्या दुधाची ना, मग शेळीचं घ्या. त्यांनी घेतलं. आणि शब्द पाळला पण भावना मोडली, याची टोचणी आपल्याला राहिली असंही प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. मला हा प्रसंग पूर्वी गमतीचा वाटायचा. पुढे तसा वाटेनासा झाला.

आप्पाला सांगायचं टाळत होते. पण फेब्रुवारीत वस्तीवर गेले आणि भावजयीने नेहमीसारखा निरशा दुधाचा, साय तरंगणारा चहा आणून ठेवला. मी म्हटलं, "मला कोरा दे." तिला वाटलं पोट बिघडलंय. मग सांगावं लागलं. आप्पा बाहेर पेंड भिजवत होता, तो आत आला.

"म्हंजे? दूधच नाय? दही? ताक?"

"काहीच नाही."

"माळ घातलीस तवा मटन गेलं. आता दूध गेलं. आता वारं पिऊन ऱ्हानार हाईस का आक्का?"

मी हसण्यावारी नेलं. तो हसला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "आमच्या दुधात काय खोट हाय का?" आणि निघून गेला. त्या प्रश्नाने मला फार लागलं. खोट त्याच्या दुधात कुणीच काढली नव्हती. २०१८ च्या जुलैत दुधाचं आंदोलन झालं, रस्त्यावर टँकर अडवले, लिटरला २५ रुपये भाव मिळावा एवढ्यासाठी. २०२२ ला लंपी आला, त्यात त्याची एक गाय गेली. त्या गाईजवळ तो तीन रात्री बसून होता. अशा माणसाला बहीण येऊन सांगते की मी तुझं दूध पिणार नाही. त्याला ते आहाराचं वाटणारच नाही.

त्यात नात एकदा माझ्याबरोबर वस्तीवर आली आणि गोठ्यात उभी राहून विचारलं, "आप्पाआजोबा, कालवड झाली तर ठेवता. गोऱ्हा झाला तर काय करता?" पूर्वी गोऱ्हा औताला लागायचा. आता ट्रॅक्टर आहे, आणि या गाईंच्या गोऱ्ह्याला तसंही औताला कुणी विचारत नाही. मार्च २०१५ पासून आपल्याकडे बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे, म्हणजे कायद्याने तो पोसायचा. पोसायचा कशावर, ते कायद्यात नाही. आप्पा काही बोलला नाही, घमेलं उचलून पलीकडे गेला. नातीला मी नंतर रागावले. पण प्रश्न चुकीचा होता असं मला अजूनही म्हणता येत नाही, आणि आप्पा चुकतो असंही म्हणता येत नाही. असो.

आता खाण्याकडे वळते, कारण आमच्या महिला मंडळाला त्यातच रस आहे.

पहिला महिना मी चुकीचा घालवला. व्हीगन म्हणजे दूध नाही एवढंच मी डोक्यात घेतलं. भेळेत दूध नाही. फरसाणात नाही. साध्या वडापावात नाही. शेंगदाण्याची चिक्की तर संक्रांतीचीच. साबुदाण्याची खिचडी तेलावर केली की झाली व्हीगन! महिनाभरात वजन अर्धा किलो वाढलं. नातीला फोनवर सांगितलं तर ती हसून हसून बेजार.

मग मी माझ्या आईचं स्वयंपाकघर आठवायला बसले. आणि लक्षात आलं की दूध आमच्याकडे विकायला असायचं, पोटात फारसं जायचंच नाही! वडिलांना चहापुरतं, लहान लेकराला वाटीभर, बाकी सगळं किटलीत. आम्ही खायचो ते बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, हुलग्याची शेंगोळी, मटकीची उसळ, तुरीच्या डाळीचं वरण, पिठलं, चाकवत, तांदुळजा, शेवग्याच्या पाल्याची भाजी, कारळ्याची नाहीतर जवसाची चटणी, ठेचा. चहात भरपूर दूध, वर वाटीभर दही, भाकरीवर लोणी ही चैन आमच्या घरात आली तीच मुळी गाई वाढल्यावर. म्हणजे नातीचं नवं खाणं माझ्या आईच्या ताटाशी सत्तर-ऐंशी टक्के जुळत होतं. फक्त आई दिवसभर शेतात राबायची आणि मी दिवसभर खुर्चीत.

मग तसंच सुरू केलं. सकाळी मोड आलेली मटकी, लिंबू पिळून. दुपारी दीड भाकरी, डाळ, पालेभाजी, चटणी. संध्याकाळी सातच्या आत माडगं किंवा शेंगोळी. हुलगे भाजून, भरडून ठेवले की माडगं पंधरा मिनिटांत होतं. लसूण आणि जिऱ्याची फोडणी चांगली खमंग द्यायची, नाहीतर ते औषधासारखं लागतं. दह्याची आठवण मात्र फार यायची. शेंगदाणे भिजवून, वाटून, गाळून त्यांचं दूध काढलं आणि विरजायचा प्रयत्न केला. दोनदा फसलं. तिसऱ्यांदा हिरव्या मिरचीचं देठ घालून काहीतरी आंबट जमलं, कढीला चाललं. नुसतं खाण्यासारखं नव्हतं, खोटं कशाला सांगू? चहा मी तीन आठवड्यांत कोरा प्यायला शिकले. गवती चहा आणि आलं घातलं की साखरही कमी लागते.

जूनपर्यंत, म्हणजे साडेचार-पाच महिन्यांत, ७४ चे ६६ किलो झाले. एचबीएवनसी ६.४. डॉक्टरांनी गोळी निम्मी केली. मला आभाळ ठेंगणं झालं. नातेवाईक भेटले की "अगं, किती वाळलीस!" म्हणायचे. आपल्याकडे ही काळजीही असते आणि टोमणाही, पण मी ते कौतुक म्हणूनच घेतलं.

आणि त्याच जूनमध्ये पुन्हा खाली बसून उठायचा प्रयत्न केला. घरात, कुणी नसताना, दार लावून. उठता आलं नाही.

आठ किलो कमी होऊनही नाही! उलट दंडाची कातडी लोंबायला लागली होती, पाण्याची कळशी उचलताना हात कापायचा. आणि पायांच्या तळव्यांना मुंग्या येत होत्या, त्या मी दोन महिने कुणालाच सांगितल्या नव्हत्या. सांगितलं तर सगळे म्हणतील, बघ, दूध सोडलंस ना! डॉक्टरांनाही मी आहारातला बदल सांगितला नव्हता. ही माझी चूक, आणि शिक्षिकेला न शोभणारी चूक. शेवटी सांगितलं. त्यांनी आधी मला चांगलं झापलं आणि मग रक्त तपासायला दिलं. बी-१२ आलं १४२. खालची मर्यादा दोनशेच्या आसपास असते.

हे बी-१२ ना झाड बनवतं, ना गाय. ते जिवाणू बनवतात. ते आपल्यापर्यंत दूध, अंडी, मांसातून पोचतं. डाळ-भाकरीत ते नाही, कितीही हुलगे खा. मग मी याबद्दल वाचत बसले, आणि कळलं की आपल्या पुण्यातच यावर मोठं काम झालेलं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांत गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करत आले आहेत. २००६ साली त्यांच्या गटाने पुणे भागातल्या मध्यमवयीन पुरुषांची पाहणी छापली. त्यात साधारण दोन तृतीयांश पुरुषांचं बी-१२ कमी निघालं. ते कुणी व्हीगन नव्हते. दूध-चहा पिणारेच होते!

म्हणजे माझं काय झालं असावं? डॉक्टर म्हणाले, बी-१२ चा साठा यकृतात असतो, तो वर्षानुवर्षं पुरतो. पाच महिन्यांत तो संपत नाही. माळ घातल्यापासून मटण-अंडी बंद, वर सहा वर्षं मेटफॉर्मिन (या गोळीनेही बी-१२ कमी होतं), म्हणजे खळगा आधीच पडलेला होता. दूध सोडल्यावर उरलीसुरली भरही थांबली. इंजेक्शनं झाली, आता गोळी कायमची. मुंग्या तीन-चार महिन्यांत पुष्कळ कमी झाल्या. डाव्या अंगठ्यात अजून आहेत.

माझ्यासारखं कुणी करणार असेल तर ऐका: आधी डॉक्टरांना सांगा, आधी रक्त तपासा, आणि बी-१२ ची गोळी पहिल्या दिवसापासून घ्या. यात घासाघीस नाही. नातीवर मी थोडी रागावले, पण तिने पहिल्याच दिवशी गोळीचं सांगितलं होतं असं ती म्हणते. मी ऐकलं नसेल. हल्ली मी सोयीस्कर ऐकते.

ड जीवनसत्त्वही कमी निघालं. त्या गोळीची तर कथाच आहे. ड-३ बहुधा मेंढीच्या लोकरीच्या मेणापासून काढतात, म्हणजे कडक व्हीगन लोकांना ती चालत नाही. आमच्या काटेवाडीला तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, लहानपणापासून बघत आले आहे. मी मनातल्या मनात त्या मेंढ्यांना हात जोडले आणि गोळी घेतली.

राहिला प्रश्न उठण्याचा. डॉक्टर म्हणाले, तुमची चरबी गेली तसे स्नायूही गेले. उतारवयात नुसतं कमी खाल्लं की असंच होतं. मग हिशेब मांडला. माझ्या वजनाला दिवसाला ६५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत. पूर्वी अर्धा लिटर दुधातून सोळा ग्रॅम सहज जायची, ती गेली आणि त्या जागी मी काहीच आणलं नव्हतं. आता सोयाबीनच्या वड्या ३० ग्रॅम, त्यातून पंधरा. शेंगदाणे मूठभर, दहा. डाळ अकरा, हुलगे किंवा मटकी नऊ, तीन भाकरी पंधरा. झाले साठ. सोयाबीनच्या वड्यांना मला आधी वास यायचा. गरम पाण्यात उकळून, दोनदा पिळून, काळ्या मसाल्यात केल्या की भावजयीनेसुद्धा मटण समजून भुवया उंचावल्या.

आणि व्यायाम. आम्हाला शाळेत सूर्यनमस्कार असायचे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत ते सक्तीचे केले होते, इंग्रजीत पुस्तक लिहून ते विलायतेपर्यंत नेले. मीही उत्साहाने सुरू केले आणि दुसऱ्या दिवशी गुडघा धरून बसले. फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितलं, खुर्चीपासून सुरू करा. हात छातीवर दुमडून खुर्चीतून उठायचं, बसायचं, तीस सेकंदांत किती वेळा होतं ते मोजायचं. सत्तरीतल्या बाईला दहा तरी जमायला हवेत. माझे झाले सहा, त्यातला सहावा मी वशिल्याने धरला.

हाताला वजन हवं होतं. दुकानातले डंबेल बघितले, पण ते आणावेत असं वाटेना. वस्तीवर गेले तेव्हा सहज बोलले. आप्पाशी बोलणं होत होतं, पण पूर्वीसारखं नाही. तो उठला, माळ्यावर चढला आणि वडिलांच्या सायकलच्या दोन किटल्या खाली काढल्या. ॲल्युमिनिअमच्या, पोचे पडलेल्या, एकीची कडी बदललेली. म्हणाला, "दूध नको तर नको. किटली तरी ने. पानी भरून उचल."

त्या किटल्या मी रोज उचलते. आधी लिटरभर पाणी घालून, मग दोन, आता तीन. कोपरापासून वर, मग बाजूला, मग जमिनीवरून. एक दिवसाआड. भिंतीला हात टेकून जोर मारते. बाजूच्या खोलीत सुनेची हसण्याची सोय झाली. अमेरिकेत बोस्टनला १९९० साली नव्वदीच्या घरातल्या दहा जणांना आठ आठवडे पायाने वजन उचलायला लावलं होतं, तर त्यांची ताकद दुपटीहून जास्त वाढली. हे वाचल्यावर मी तिला सांगितलं, हस, अजून वीस वर्षं आहेत मला.

खुर्चीचे सहाचे दहा व्हायला चार महिने लागले. आज तेरा होतात. वजन ६५ वर थांबलंय, पण दंड घट्ट झालेत. (या वयात स्वतःचे दंड चाचपून बघते हे लिहायला लाज वाटते, पण बघते.) खाली बसून उठणं वेगळं शिकावं लागलं. आधी पलंगाला धरून, मग पाटावरून, मग जमिनीवरून एका गुडघ्यावर येऊन.

२०२५ च्या वारीत पालखी बेलवाडीला आली. गोल रिंगण झालं, अश्व धावले. आमच्या वस्तीवर एका दिंडीला दरवर्षी पिठलं-भाकरी असते. या वेळी मी वारकरी बायकांच्या पंगतीला खाली बसले. आप्पा स्वतः ताकाची बादली घेऊन वाढत होता. माझ्यापुढे आला आणि न थांबता पुढे गेला. मागून येणाऱ्या पोराला म्हणाला, "आक्काला ताक नगं. पिठलं वाढ अजून."

जेवण झाल्यावर मी उजवा हात उजव्या मांडीवर ठेवला, गुडघ्यावर आले, आणि उठले. कुणी बघितलं नाही, सगळ्या पत्रावळी उचलण्यात होत्या. आप्पाने बघितलं असावं, कारण बादली घेऊन तो तिथेच उभा होता. नंतर भावजयीने चहा आणला. त्याचा दुधाचा, माझा कोरा. त्यात गवती चहा होता, म्हणजे तो बांधावरून मुद्दाम कुणीतरी आणला होता.

आता राहिलेली गोष्ट. गेल्या महिन्यात त्याची गाय व्यायली, कालवड झाली, आणि भाच्याच्या हाती माझ्यासाठी खरवसाचा डबा आला. चिकाचा खरवस तू दुधात धरणार नाहीस असं आप्पाला वाटलं असेल, किंवा मुद्दाम विसरला असेल. फोनवर त्याने विचारलं, "कसा झालाय?" मी म्हटलं, "छान."

आप्पा, मी तो खाल्ला नाही. कस्तुरबांची युक्ती आठवली होती, पण नाही खाल्ला. शेजारच्या दोन मुलांनी खाल्ला. वेलदोडा जरा जास्त झाला म्हणाली, पण डबा चाटूनपुसून दिला. धुऊन ठेवलाय. रविवारी येताना घेऊन येते.